वायरिंग केरू बनसोडेचं

वाईतल्या त्या हायस्कुलात केरू बनसोडे कागदावर शिपाई होता. कागद बाजूला ठेवला तर तो वायरमन होता. पंचवीस वर्षांत शाळेतला एकही पंखा त्याचा हात लागल्याशिवाय फिरला नव्हता आणि एकही ट्यूब त्याच्या शिव्या खाल्ल्याशिवाय पेटली नव्हती. लायसन मात्र त्याच्याकडे नव्हतं. वायरमनकी तो शिकला कोयनानगरला, धरणाच्या कॉलनीत, एका मिस्त्रीची शिडी धरता धरता. सदुसष्टच्या भूकंपात कॉलनीतली माणसं पोरंबाळं उचलून घराबाहेर धावत होती, तेव्हा एकवीस वर्षांचा केरू उलटा घराघरात शिरत होता आणि मेन स्विच बंद करत सुटला होता. पडक्या भिंतीत जिवंत वायर राहिली तर वाचलेलंही माणूस जातं, हे त्याला मिस्त्रीनं सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून त्याचा एकच नियम. काहीही बिघडलं, आवाज झाला, वास आला, दिवा मिचकला, की आधी मेन पाडायची. मग इचार करायचा.

रागाच्या बाबतीत मात्र त्याचा नियम बरोबर उलटा होता. तिथं मेन कधी पडायचीच नाही. कुणी बटण ओल्या हातानं दाबलं, राग. कुणी एका पिनेत दोन पिना खुपसल्या, राग. मराठीच्या बाईंनी एकदा स्टाफरूममधल्या शेगडीची वायर ब्लेडनं सोलून तशीच भोकात घातली आणि वर आगपेटीच्या काड्या ठोकून बसवली, तेव्हा तर दोन दिवस केरू त्यांच्याशी बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी बोलला ते त्यांना आयुष्यभर पुरलं. पोरं त्याला केरूमामा म्हणायची आणि लांबूनच म्हणायची.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये शाळेत दहा कॉम्प्युटर आले. मुख्याध्यापक लालासाहेब जगदाळे यांनी जुन्या चित्रकलेच्या खोलीला पडदे लावले, चपला बाहेर काढायचा नियम केला आणि दहाही यंत्रांना त्यांच्या सौभाग्यवतींनी शिवलेले फुलाफुलांचे झगे घातले. खोलीत शिरलं की शाळेपेक्षा बारशाला आल्यासारखं वाटायचं.

तिथलं वायरिंग केरूनं केलं. अकरा दिवस लागले. उत्तरेच्या भिंतीला पाच यंत्रं, दक्षिणेच्या भिंतीला पाच. दोन्ही भिंतींच्या लाईनी वेगळ्या, दोन्हींचे स्विच वेगळे. वायरी झाकणारी लाकडी पट्टी त्यानं दोरी धरून अशी सरळ मारली होती की भूमितीचे सर पोरांना समांतर रेषा दाखवायला तिथं घेऊन यायचे. खिडकीमागं मीठ-कोळशाचा खड्डा करून अर्थिंग दिलं आणि दर सोमवारी त्या खड्ड्यात तो तुळशीला घालावं तसं बादलीभर पाणी घालायचा.

कॉम्प्युटरचे सर म्हणून आले कृष्णात माने. सांगलीचे. वय पंचवीस, खिशाला तीन पेनं, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला सांगली. "सांगलीला आमच्या इन्स्टिट्यूटला एसी होता." "सांगलीला असं नसतं." दहाही यंत्रं त्यांनी एका निळ्या वायरीनं एकमेकांना जोडली. त्याला नेटवर्क म्हणायचं असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या एका सीडीतून त्यांनी एक प्रोग्रामही घातला. त्या प्रोग्रामनं सरांना आपल्या खुर्चीत बसून कुठल्याही पोराच्या यंत्रावर निरोप पाठवता यायचा आणि वाटलं तर ते यंत्र बंदही करता यायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हे नववीच्या वर्गाला करून दाखवलं. बटण इथं दाबलं आणि तिकडं कोपऱ्यातलं यंत्र मुकाट्यानं बंद झालं. पोरं थक्क झाली. सर खूश झाले. खुशीत ते प्रोग्रामला पासवर्डचं कुलूप घालायचं विसरले, आणि तो प्रोग्राम सोयीसाठी त्यांनी दहाही यंत्रांवर घालून ठेवला होता.

पुढं काय झालं असेल हे ज्यांनी नववीची पोरं पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. दिवाळीनंतर सरांच्या पडद्यावर मधूनच इंग्रजी अक्षरांत मराठी निरोप उमटायला लागले. "सर, पाठीला खडू लागलाय." सर पाठ झाडायचे. "आणखी वर." सर आणखी वर झाडायचे. एकदा तर शिकवता शिकवता त्यांच्या यंत्राचा सीडीचा खण आपोआप बाहेर आला, थोडा वेळ जीभ काढल्यासारखा राहिला आणि आत गेला. हे निरोप आणि ही जीभ सरांनी कुणालाच सांगितली नाही.

जानेवारीत यंत्रं बंद पडायला लागली. एक, मग दुसरं, मग तिसरं, ओळीनं. पडदा काळा पडला की पोरं ओरडायची, सर ओरडायचे, "केरूऽऽ, मेन!" आणि व्हरांड्यातून केरू बाणासारखा आत यायचा आणि खट्‌कन मेन पाडायचा. नियम म्हणजे नियम. मग सगळं गार झाल्यावर टेस्टर घेऊन बसायचा. एकेक पिन उघडायचा, एकेक स्क्रू पिळायचा, पट्टीचं झाकण काढून वायरीवरून बोट फिरवायचा. कुठं गरम नाही, कुठं काळं नाही, कुठं सैल नाही. मेन चालू केली की दहाही यंत्रं शहाण्यासारखी सुरू व्हायची.

"काय सापडलं?" लालासाहेब विचारायचे.

"कायबी न्हाई, सायेब. वायरिंग चोख हाय."

"मग बंद का पडतंय?"

उत्तर कृष्णात सरांनी दिलं. "सर, सांगलीला वायरिंग लायसनवाला करतो. इथं बिनलायसनचं आहे. दुसरं काय असणार?"

केरू दारात उभा होता. त्याला राग आला, पण त्या वेळचा राग अजून त्या वाक्यावर होता, माणसावर नव्हता. पोरगं आहे, परगावचं आहे, बोललं असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. केरूनं स्वतःला समजावल्याची शाळेच्या इतिहासात ही एकच नोंद असावी.

फेब्रुवारीत यंत्रं आठवड्यातून तीनदा बंद पडायला लागली आणि एका सकाळी केरूच्या हातात मेमो पडला. टाईप केलेला, जावक क्रमांक घातलेला, शिक्का मारलेला. "संगणक कक्षातील आपण केलेले विद्युत काम सदोष असून त्यामुळे शालेय मालमत्तेस धोका निर्माण झाला आहे." पंचवीस वर्षांत पहिला मेमो. केरू सातवी पास होता. त्यानं तो तीनदा वाचला. मग तो मीठ-कोळशाच्या खड्ड्याजवळ जाऊन उभा राहिला आणि त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, सोमवार नसताना त्यानं त्यात एक बादली पाणी ओतलं.

घरी बायकोला, बाळाबाईला, त्यानं काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, कारण बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती.

"काय वं, शाळंत तुमचं वायरिंग जळालं म्हनं?"

"कोन म्हनलं?"

"जयंती कमिटीची पोरं आलती. औंदा इहारावरची लायटिंग साताऱ्याच्या मानसाला देऊ का, इचारत होती. भीत भीत इचारत होती, पर इचारत होती."

केरूनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. वस्तीतल्या बुद्धविहाराचं वायरिंग त्याचं होतं. चौदा एप्रिलच्या लायटिंगच्या माळा सोळा वर्षं तो बांधत होता. सोळा वर्षांत एक बल्ब उडाला नव्हता. उडायची बल्बांना हिंमतच झाली नसावी.

"जळालं न्हाई," तो म्हणाला. "माझ्या हातचं जळत न्हाई."

"मग सांगा की त्यास्नी."

"कुनाला सांगू? त्या सांगलीच्याला? माझ्याकडं कागद न्हाई, त्याच्याकडं हाय. कागदवाल्याचं खरं." आणि मग हळूहळू आवाज चढत गेला. "अगं, मला म्हातारा म्हन, कामचुकार म्हन, शाळंत झोपतो म्हन. पर वायरिंग वाईट? ह्ये बोटं तोडून दे म्हनल्यासारखं झालं!"

बाळाबाईनं ताटातली भाकरी परत तव्यावर टाकून गरम केली.

शेवटी लालासाहेबांनी साताऱ्याहून लायसनवाला मिस्त्री बोलावला. आकाराम त्याचं नाव. सोमवारी शिक्षणाधिकारी तपासणीला येणार होते, त्याआधी सगळं नवं हवं होतं. शनिवारी सकाळी आकाराम दोन बंडलं वायर खांद्यावर टाकून आला. उत्तरेच्या भिंतीचा स्विच बंद करून, तिथली पाच यंत्रं मधल्या टेबलावर सरकवून त्यानं पटाशीनं पट्टी उचकटायला घेतली. दक्षिणेच्या भिंतीला नववीची तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती; ती पुढं ढकलायला दिवसच उरला नव्हता. केरूला लालासाहेबांनी हुकूम दिला होता : मिस्त्रीला काय हवं-नको बघ.

म्हणजे आपलंच घर पाडणाऱ्याला चहा देण्याची ड्यूटी.

केरू दाराशी छातीवर हात बांधून उभा राहिला. पट्टीचा प्रत्येक खिळा निघताना कुईं करत होता. आकाराम काम करता करता पुटपुटत होता, आणि जे पुटपुटत होता ते ऐकून केरूचा राग आणखी वाढत होता, कारण ती तारीफ होती.

"कुनी केलंय वं ह्ये?"

"का?"

"न्हाई, लय सरळ हाय. काढू वाटंना झालंय."

"मग काढू नका!"

"मला काढाय बोलावलंय दादा. सरळ हाय म्हनून थांबलो तर मी घरी काय सांगू?"

अर्धी भिंत उघडी पडली. आणि त्याच वेळी दक्षिणेच्या भिंतीचं सहा नंबरचं यंत्र काळं पडलं. मग आठ. मग नऊ. परीक्षेला बसलेली पोरं चित्कारली. त्यांच्या चित्कारात दुःख कमी होतं.

"केरू! मेन!" कृष्णात सर ओरडले.

केरू हलला नाही.

"अरे मेन पाड! ऐकू येत नाही का?"

"येतंय."

"मग?"

"मी न्हाई पाडनार. तुमाला मानूस मिळालाय लायसनवाला. त्यो पाडंल. माझा हात सदोष हाय, लिवून दिलंय तुमी."

पटाशी हातात घेऊन आकाराम बघत राहिला. दहा नंबर काळं पडलं. आता फक्त सात नंबर चालू होतं आणि त्याच्यासमोर सोनिया नावाची नववीतली पोरगी मान खाली घालून बसली होती. कृष्णात सर स्वतःच मेनकडे धावले. केरू त्यांच्या आणि बोर्डाच्या मध्ये उभा राहिला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी बिघडलं होतं आणि केरूनं मेन पाडली नव्हती. रागानं पाडली नव्हती, नुसत्या हट्टानं. दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं.

आणि मेन पडली नाही म्हणूनच त्याला दिसलं.

सहा नंबरच्या डब्यावर हिरवा दिवा जळत होता. आठच्याही. नऊच्याही. स्टॅबिलायझरचा काटा दोनशे वीसवर गुमान उभा होता. डोक्यावरचा पंखाही फिरत होता. दोन महिने दर वेळी तो येऊन खट्‌कन मेन पाडत होता आणि मेनबरोबर हे सगळे दिवे, काटे, पंखे गप्प करत होता. म्हणजे स्वतःच्या बाजूचे साक्षीदार तो स्वतःच दर वेळी कोर्टाबाहेर घालवत होता!

"सरका," तो म्हणाला. त्यानं खिशातला टेस्टर काढून सहा नंबरच्या बोर्डाच्या भोकात लावला. टेस्टर लाल पेटला. "मिस्त्री, बघा."

आकारामनं आपला टेस्टर लावला. तोही पेटला. "करंट हाय की फुल्ल."

केरू पडद्याजवळ वाकला. पडदा काळा होता, पण मेलेला नव्हता. मधोमध नारिंगी अक्षरं होती, इंग्रजी.

"सोनिया, हिकडं ये. काय लिवलंय, वाच."

सोनिया उठली. तिचा चेहरा परीक्षेत उतरतो त्यापेक्षा जास्त उतरला होता. तिनं इंग्रजी वाचलं आणि मराठीत सांगितलं, "आता तुम्ही कॉम्प्युटर बंद केला तरी चालेल, असं लिहिलंय, मामा."

केरू सावकाश सरळ झाला आणि कृष्णात सरांकडे वळला.

"लाईट जाताना चिठ्ठी लिवून जाती व्हय वं, सर?"

पोरांतून फिस्‌कन हसू उठलं आणि केरूच्या नजरेनं तिथंच विझलं. कृष्णात सरांनी तीन पेनांपैकी एक काढलं, परत ठेवलं. "ही तांत्रिक बाब आहे, केरू. तुला नाही कळायची. वायरिंगमधल्या दोषामुळेच असा मेसेज येतो. सांगलीला—"

"न्हाई सर," सोनिया म्हणाली.

तिला बोलायचं नव्हतं. पण इतकं मोठं खोटं इतक्या जवळून ऐकलं की तोंडून निघून जातं, तसं झालं. आणि एकदा निघाल्यावर ती थांबली नाही. रडत रडत सगळं सांगून मोकळी झाली. आज परीक्षेची तयारी झाली नव्हती म्हणून तिनं सात नंबरवरून बाकीची यंत्रं बंद केली होती. आधीही तिनंच, तिच्या मैत्रिणींनी, अर्ध्या वर्गानं. "पर सरांना म्हाईत हाय! सरांनी मला जानेवारीतच पकडलं. म्हनले, कुणाला सांगू नकोस, न्हाईतर प्रोग्रामला कुलूप कुणी घातलं नव्हतं ते मलाच इचारतील. वायरिंगचं हाय म्हनून सांगू, म्हनले. कुलूप मागनं घालाय गेले, त्ये जमलंच न्हाई."

सोनियावर केरूला राग आला, पण तो पोरांवर येतो तसला, कान पिळला की संपणारा. "तुझं मागनं बघतो," तो तिला म्हणाला. मग सरांकडे वळला, आणि नेहमी ओरडणारा हा माणूस एवढ्या हळू बोलला की आकारामनं पटाशी खाली ठेवली.

"जानेवारीपास्नं. दोन म्हैनं. मी टेस्टर घिऊन गुडघ्यावर रांगत होतो तवा तुमी खुर्चीत बसून बघत होता. मेमो टाईप झाला तवा तुमी हितंच होता. माझ्या वस्तीत माझं नाव गेलं. तुमाला सगळं म्हाईत हुतं."

"केरूमामा, सॉरी," सर म्हणाले. मामा हा शब्द त्यांनी वर्षात पहिल्यांदा वापरला होता.

"आता मामा! काल केरू, आज मामा. त्ये सॉरी कुठल्या रजिस्टरला लावू?"

प्रकरण लालासाहेबांच्या केबिनमध्ये गेलं. लालासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कुठलीही गोष्ट वाढलेली आवडत नव्हती. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं, सवयीनं शिपायाला पाणी आणायला सांगितलं, आणि तो शिपाई म्हणजे समोर बसलेला केरूच आहे हे लक्षात आल्यावर स्वतः माठाकडे गेले.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "सोमवारी साहेब येतायत. अर्धी भिंत उघडी आहे. केरू, तेवढी पट्टी संध्याकाळपर्यंत परत बसव."

"मेमो मागं घ्या."

"अरे, मेमो मागं घेता येत नाही. जावक क्रमांक पडलाय त्याला."

"मग पट्टीबी मागं बसत न्हाई. तिलाबी मिस्त्रीची पटाशी पडलीया."

लालासाहेब दारात उभ्या आकारामकडे वळले. आकारामनं वायरीची बंडलं खांद्यावर टाकलेली होती. "सायेब, मला साताऱ्याला दुसरं काम हाय. आन खरं सांगू का, त्ये काम मी काढायलाच नको हुतं. त्येच्यासारखं मला बसवता यायचं न्हाई." एवढं बोलून तो केरूला रामराम घालायला हात वर करून अर्ध्यात थांबला, जयभीम म्हणाला आणि गेला.

एक तास वाद चालला. शेवटी मेमो मागं घेता येत नाही, तर नवा कागद काढता येतो, असं लालासाहेबांना सुचलं. त्याला नवा जावक क्रमांक पडला. "केरू बनसोडे यांनी केलेले विद्युत काम पूर्णतः निर्दोष आहे." केरूनं तो वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

"अर्धाच हाय ह्यो. ह्येच्याम्होरं लिवा, माने सरांना ठाऊक असूनबी त्ये गप्प बसले."

"ते नाही लिहिता येणार. त्यांची नोकरी आहे."

"आन माझी काय हुती?"

लालासाहेबांनी चष्मा काढून पुसला. या प्रश्नाला जावक क्रमांक देता येण्यासारखा नव्हता. ते वाक्य काही त्यांनी लिहिलं नाही, आणि केरूनं कागद घेतला तरी त्याचा चेहरा होता तसाच राहिला.

"बरं, मग पट्टी?" लालासाहेबांनी हळूच विचारलं.

"बसंल की. ज्यांनी काढाय लावली त्ये बसवतील. मी खाली उभा ऱ्हातो."

दुपारी तीन वाजता संगणक कक्षात, चपला बाहेर काढून, कृष्णात माने स्टुलावर चढले. एका हातात हातोडी, तोंडात खिळे, बगलेत पट्टी. स्टूल लालासाहेबांनी स्वतः धरलं होतं. खाली केरू दोरीचं एक टोक हातात घेऊन उभा होता आणि दुसरं टोक पलीकडच्या भिंतीशी सोनियाच्या हातात होतं. तिचा हिशेब त्यानं असा चुकता करायला घेतला होता. सरांचा पहिला खिळा वाकला. दुसरा अंगठ्यावर बसला. तिसरा, चौथा, पाचवा आत गेले. सरांनी घाम पुसून खाली पाहिलं.

केरूनं दोरी ताणली. डावीकडून उजवीकडे पट्टी बोटभर खाली उतरली होती.

"सांगलीला चालत आसंल ह्ये," केरू म्हणाला. "काढा, सर."

सरांनी लालासाहेबांकडे पाहिलं. लालासाहेबांनी स्टूल आणखी घट्ट धरलं आणि खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. खिळे पुन्हा कुईं करत निघाले. पट्टी पुन्हा वर गेली. या खेपेला पंधरा मिनिटं लागली आणि सरांचा शर्ट पाठीला चिकटला.

केरूनं दोरी ताणली. डोळा बारीक केला. पट्टी जवळजवळ सरळ होती. दुसऱ्या कुणी असती तर चालवून घेतली असती. सोनियानं तर मान हलवून बरोबर आहे अशी खूणसुद्धा केली.

"काढा," केरू म्हणाला.